मुतखडा

कंपनीनं त्याला ‘दृढवालुका’ असं नाव दिलं होतं. गुळगुळीत कागदाच्या पत्रकावर, निळ्या अक्षरांत. शिरदांड्यात ते नाव एक दिवससुद्धा टिकलं नाही. माझ्या सासूबाईंनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि भर सभेत कंपनीच्या माणसाला विचारलं, "म्हंजे आमचे मुताचा दगुड करनार तुमी?"

तो बिचारा म्हणाला, "शास्त्रीय भाषेत तसंच म्हणता येईल, आजी."

"मंग सरल मुतखडा म्हना ना!"

सभा तिथेच आटोपली, कारण बायकांना हसू आवरेना. तेव्हापासून तलाठ्यापासून जिल्हाधिकाऱ्यांच्या ड्रायव्हरपर्यंत सगळे मुतखडाच म्हणतात. सासूबाईंचं नाव सुगंधा. चाळीस वर्षं मासळी विकून आणि खाडीत तिसऱ्यांचे शिंपले वेचूनही हे नाव त्या ठसक्यात सांगतात, आणि कुणी हसलं तर त्याला वाट्यात दोन मासे कमी मिळतात.

मी केतकी. माहेर पेणचं, सासर शिरदांड्याच्या कोळीवाड्यातलं. जिल्ह्याच्या गावी माती तपासणारी एक खाजगी प्रयोगशाळा आहे, तिची मी प्रमुख. इमारत बांधण्याआधी खालची जमीन किती वजन पेलेल याचा दाखला आम्ही देतो, आणि त्या दाखल्यावर माझी सही असते.

शिरदांडा म्हणजे खाडीच्या तोंडाशी समुद्रात शिरलेली वाळूची लांब जीभ. तिच्यावर दीडशे घरं आणि चारशेबारा माणसं. गेल्या दहा वर्षांत वादळं इतकी वाढली की दर वैशाखात पोरं शाळेच्या सुटीची वाट पाहावी तशी वादळाची वाट पाहतात. गावाला निवारा हवा होता. तालुक्याच्या गावापर्यंतचा रस्ता वादळात पहिल्या तासाभरातच पाण्याखाली जातो, आणि तीन वर्षांपूर्वी त्या रस्त्यावर एक आख्खा टेम्पो वाहून गेला होता. म्हणून निवारा गावातच हवा, आणि गावात तर नुसती वाळू.

आता वाळूबद्दल थोडं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. वाळूला ती माया नाही. तिचे कण नुसते एकमेकांत अडकून, घासून उभे असतात. कण कोनदार असले तर चांगले अडकतात. आमच्या किनाऱ्यावरचे लाटांनी लोळवून साबुदाण्यासारखे गोल केलेले. लहानमोठे कण मिसळलेले असले तर मोठ्यांमधल्या फटी लहान भरून काढतात; आमच्याकडे सगळे एकाच मापाचे. वाळू दाबून बसलेली असेल तर मजबूत, सैल असेल तर नाही. पाण्याची गोष्ट वेगळीच. ओलसर वाळूचा किल्ला उभा राहतो, कारण कणांच्या मधे पाण्याचा पातळ पडदा त्यांना ओढून धरतो. तीच वाळू पूर्ण भिजली की पडदा जातो आणि किल्ला बसतो.

आणि सैल, गोल, एकाच मापाच्या, पाण्यानं तुडुंब भरलेल्या वाळूला धक्के बसत राहिले, भूकंपाचे म्हणा किंवा वादळी लाटांचे, तर कण दाटीवाटीनं बसू बघतात. मधल्या पाण्याला निघून जायला वेळ मिळत नाही. मग वरचं वजन कणांऐवजी पाण्यावर येतं, कण एकमेकांना सोडतात, आणि काही मिनिटं जमिनीची आमटी होते. त्या काही मिनिटांत वर जे उभं असेल ते बुडतं किंवा कलंडतं.

यावरचा उपाय म्हणजे हा मुतखडा. एक जिवाणू आहे, तो मुतातला युरिया फोडतो. त्याला सोबत कॅल्शियम दिलं, आमच्याकडे ते शिंपल्यांपासून काढतात, की वाळूच्या कणांच्या सांध्यांवर चुनखडीचे बारीक बारीक पूल तयार होतात. दीडदोन महिन्यांत सुटी वाळू दगडासारखी जुळते. खणायला नको, सिमेंट नको. फक्त अमोनियाचा वास. तो इतका, की शिरदांड्यात येणारे पाहुणे वेशीवरच रुमाल काढायचे.

युरिया हवा म्हणजे मूत हवं, आणि ते गोळा केलं माझ्या नवऱ्यानं. कल्पेश निवारा समितीचा अध्यक्ष. दोन वर्षं त्यानं दीडशे घरांच्या संडासांत दोन खणांची भांडी बसवून घेतली, पिवळे पिंप स्वतः हातगाडीवर ओढले. मच्छीमार सोसायटीत लोक त्याला ‘मुत्र्या’ म्हणायचे. तो हसून म्हणायचा, "उद्या ह्येच्यावरच उबं र्‍हाशील, तवा बोल." मला त्याच्या अंगाच्या वासाची कधी किळस आली नाही. खरंच सांगते. उलट अभिमान वाटायचा.

निवारा झाला. खांबांवर उचललेली दुमजली इमारत, खाली काँक्रीटची जाड पाटी, आणि त्या पाटीखाली आठ मीटर मुतखडा. उद्घाटन वैशाखात. फक्त माझा दाखला बाकी होता.

नमुने आले. जमिनीत पोकळ नळी फिरवत खाली घालतात आणि आतला लांबट गाभा वर काढतात, पपईत नळी खुपसून गर काढावा तसा. त्याचे तुकडे आमच्या यंत्रात जातात, यंत्र त्यांना चिरडतं आणि ताकदीचा आकडा देतं. अहवालही यंत्रच लिहितं. एकोणतीस तुकडे, सगळ्यांचे आकडे झकास. हव्या त्याच्या दुप्पट. मी सही करायला पेन उघडलं आणि मागच्या अंगणातून अमोनियाचा भपकारा आला.

मागे गोंधळीमामा होते. आमच्या प्रयोगशाळेत चाळण्या हलवून हलवून म्हातारा झालेला माणूस. त्यांच्यासमोर छातीएवढा वाळूचा ढीग आणि ते त्यावर पाणी मारत होते.

"मामा, हे काय?"

"चुरा, मॅडम. गाभ्यातनं तुटून आलेला. वास मारतोय म्हणून धुतो. पितळेची भांडी काय सुरेख निघतात ह्यानं! पुजारीबाई देवाची भांडी घासायला दोन पिशव्या घेऊन गेल्या."

देवाची भांडी! मला हसू येणार होतं, पण नजर ढिगावरून हटेना. "हा सगळा शिरदांड्याचा?"

"तर. पेटीत जेवढं अखंड तेवढं यंत्राला, चुरा बाहेर. तुमचाच नियम की."

माझाच. सात वर्षांपूर्वी नियमावली मी लिहिली होती. तुटका, भेगाळलेला तुकडा यंत्रात घातला तर आकडा चुकीचा येतो, म्हणून ‘अखंड व व्यासाच्या दुप्पट लांबीचे तुकडेच तपासावेत’. वाक्य बरोबरच आहे. जुन्या फॉर्मात एक रकाना असायचा, नळी किती खोल गेली आणि त्यातला किती गाभा धड वर आला. तो आता कशाला, यंत्र सगळं मोजतंच आहे, म्हणून तो मी काढला. फॉर्म सुटसुटीत झाला. तो किनाऱ्यावरच्या सगळ्या प्रयोगशाळांनी उचलला आणि मला त्याबद्दल शाल-श्रीफळ मिळालं. शाल अजून कपाटात आहे.

त्या दिवशी मी आणि मामांनी वजनकाटा बाहेर आणला आणि ढीग मोजला. नळी एकूण चाळीस मीटर फिरली होती. अखंड आलं होतं साडेचौदा मीटर. उरलेल्या साडेपंचवीस मीटरची भांडी घासायची पावडर झाली होती.

विरजण नीट लागलं नाही की दही कसं होतं? एका बाजूला घट्ट कवडी, एका बाजूला पाणी. पाहुण्याला वाढताना आपण घट्ट तेवढं वाटीत घेतो. जमिनीखाली हेच झालं होतं. मुताचं पाणी जिथे मोकळी वाट मिळाली तिथून वाहिलं, तिथे दगड झाला. बारीक वाळूच्या कप्प्यांत ते शिरलंच नाही. आणि आम्ही वर बसून फक्त कवडी चाखत होतो. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आकडा बदलला नव्हता. सगळे प्रामाणिक, आणि सगळ्यांनी मिळून घाण करून ठेवली होती. सगळ्यांत पुढे मी.

खांबेटे सर या प्रयोगशाळेचे मालक. मला त्यांनीच शिकवलं. त्यांना एक सवय आहे, कागदाच्या काळातली: पान उलटायला जिभेला बोट लावायचं. आता पडद्यावरचा अहवालही ते बोट ओलं करूनच सरकवतात. माझं सगळं ऐकून घेताना त्यांनी काचेवर थुंकीचे पाच-सहा पट्टे उमटवले.

"अगं, चुरा म्हणजे नमुना खराब. जमीन खराब कशी? नळी फिरताना हिसका बसतो, तुकडा तुटतो."

"साडेपंचवीस मीटर तुटतो, सर?"

"तुटतो. सिद्ध कर की जमिनीतच तुटलेलं होतं."

"ते नळी घालून सिद्ध होणार नाही. तिथल्या तिथे दाब देऊन बघायला हवं. पंधरा दिवस द्या."

"वादळ चार दिवसांवर आहे." सर खुर्चीत मागे टेकले. "तू सही केली नाहीस तर निवाऱ्याला कुलूप. माणसं कुठे जातील? त्या रस्त्यानं? टेम्पो विसरलीस?"

विसरले नव्हते. हेच त्यांचं वाईट होतं, की ते खोटं बोलत नव्हते.

"आजच सगळ्यांना हलवा. रस्ता अजून कोरडा आहे."

"आणि आजवरचे बाकीचे दाखले? तुझ्या फॉर्मवर किनाऱ्यावर किती इमारती उभ्या आहेत, मोजल्यास?" त्यांनी पुन्हा बोट जिभेला लावलं. "तू नको करूस सही. मी करतो. मला काही वाटत नाही."

त्यांनी ओलं बोट पडद्यावर टेकवलं. सहीसाठी बोटाचा ठसा लागतो ना, तिथे. पडद्यानं तो स्वीकारला. मला किळस आली. दोन वर्षं मुताच्या पिंपांशेजारी जेवले, तेव्हा असं कधी झालं नव्हतं.

घरी आले. कल्पेश निवाऱ्यात लावायला पताका ओवत बसला होता. मी सांगत गेले तसे त्याचे हात थांबले.

"म्हंजे दोन वर्षं मी उगीच मुत वाहिला?"

"उगीच नाही. काही ठिकाणी छान लागलंय, काही ठिकाणी लागलंच नाही."

"तू केलंस ना तो नियम? तुजाच ना?"

"माझाच."

"मंग तवा काय झोपली होतीस?" त्यानं पताकांचा गुंता भिरकावला. "लोकांना काय सांगू? माजी बायको चुकली म्हनून रस्त्यावर मरा?"

सासूबाई कोपऱ्यात तिसऱ्या साफ करत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि उठल्या. "चला, बगू," म्हणाल्या.

टळटळीत दुपारी आम्ही तिघं निवाऱ्याशी गेलो. ओहोटी होती. तिसऱ्या वेचणाऱ्या बाया टाच मारत चालतात. वाळू कशी उसळते त्यावरून खाली शिंपला आहे, खडक आहे की नुसता चिखल, हे त्यांना कळतं. सासूबाई पाटीच्या कडेकडेनं टाच मारत निघाल्या. ठक्क. ठक्क. आवाज फरशीवरचा यावा तसा. कल्पेश माझ्याकडे बघून तोंड वाकडं करणार, एवढ्यात आवाज बदलला. त्या थांबल्या. एकाच जागी दोन्ही पायांनी थयथय नाचायला लागल्या, सत्तरीच्या बाईनं नाचावं तशा, लुगडं सावरत. दहा, वीस, तीस वेळा. आधी वाळू चकाकली. मग थरथरली. मग त्यांचे पाय घोट्यापर्यंत आत गेले आणि भोवती पिवळट, नाकाला झोंबणारं पाणी वर आलं.

"ह्यो काय दगुड नाय," त्या पाय उपसत म्हणाल्या. "ह्यो नासलेला मुत हाय."

"वरवरची वाळू हाय ती, आय," कल्पेश म्हणाला. "खाली आठ मीटर हाय. येवड्यानं काय कळतं?"

आणि शास्त्राच्या हिशेबानं त्याचं बरोबर होतं. टाचेनं हातभर कळतं, आठ मीटर कळत नाही. मी ते कबूल केलं. करायला नको होतं का, अजून ठरवता येत नाही.

सासूबाईंनी तेवढ्यावर निकाल दिला. बायकांना गोळा केलं, पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळं चंबूगबाळं दोन दिवसांत तालुक्याच्या गावी, मासळी बाजाराच्या नव्या शेडमध्ये. पुरुष शिव्या घालत मागोमाग आले. मला कुणी थेट बोललं नाही, पण मी जवळून गेले की थुंकायचे. दाखला असलेला, रंग ओला असलेला निवारा सोडून बर्फाच्या पेट्यांवर झोपायचं, एका बाईच्या शंकेपायी.

कल्पेश आम्हाला पोचवायला आला, पण थांबला नाही. अकरा जणांना घेऊन तो निवाऱ्यातच राहणार होता.

"निवारा पडनार न्हाय," शेडच्या दारात तो म्हणाला. "कुनीतरी तो वापरला पायजे."

"कल्पेश, मी पाया पडते."

"मंग तू पन सही कर."

मी नाही केली. तो गेला.

वादळ दुपारी आलं आणि सात तास राहिलं. त्याचं वर्णन करत नाही. जे किनाऱ्यावर राहतात त्यांना ठाऊक आहे. लाटा वाळूच्या जिभेवरून आरपार जात होत्या. मी बाजाराच्या ओट्यावर बसून मनातल्या मनात धक्के मोजत होते: दर बारा सेकंदांना एक लाट, तासाला तीनशे, सात तासांना एकवीसशे. किती धक्क्यांनंतर सैल वाळू सुटते याची कोष्टकं मला तोंडपाठ आहेत. सासूबाई माझ्या पाठीवर हात ठेवून होत्या.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर पहिल्या होडीतून मी शिरदांड्याला उतरले. चाळीसेक घरांची छपरं उडाली होती. होड्या एकमेकींवर चढल्या होत्या.

निवारा उभा होता.

सरळ, निळा, धुतल्यासारखा. पताकासुद्धा अर्ध्या शिल्लक. वरच्या गॅलरीत अकरा माणसं ओरडत होती, शिट्या मारत होती, कुणीतरी माझ्या नावानं काहीतरी घाणेरडं म्हटलं आणि सगळे हसले. मी वाळूवरून धावत गेले आणि पाटीच्या कडेशी वाकले. पहिला खांब. दुसरा. तिसरा. कुठे बसली असेल, कुठे कलली असेल, कुठे निदान केसाएवढी तरी भेग. मी चारही बाजूंनी फिरले. सोळाच्या सोळा खांब ओळंब्यात. भेग कुठेही नव्हती, आणि मला वाईट वाटलं. लपवून काय करू?

"गावली?"

कल्पेश जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा होता. डोळे तांबारलेले, अंगावर कालचाच शर्ट. केव्हापासून उभा होता कोण जाणे.

"काय?" मी म्हटलं.

"शोधतेस ती."

मी पुन्हा खांबाच्या बुडाकडे पाहिलं.

"वर अकरा मानसं हायेत. मी बारावा. तू एकदा पन वर नाय बगलंस, केतकी. आल्यापासून खालीच बगतेस." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलत होता. "तुला ह्यो पडायला पायजे होता."

खोटं बोलता आलं असतं. काळजीनं बघत होते, धोका आहे का ते तपासत होते. दोन्ही वाक्यं तयार होती आणि दोन्ही अर्धी खरी होती. साडेचौदा मीटरांसारखी.

"हो," मी म्हटलं. "क्षणभर."

त्यानं मान हलवली, जणू दुकानदारानं भाव सांगावा आणि तो परवडू नये. मग माझ्या शेजारून निघून गेला, होड्यांकडे. वर शिट्या थांबल्या होत्या.

खांबेटे सरांचा संदेश तेवढ्यात आला. निवाऱ्याचा फोटो, कुणीतरी टाकलेला, आणि खाली हात जोडलेलं चित्र.

मी होडीतून लांब पहार आणली. दाबाचं यंत्र यायला अजून दहा दिवस लागणार होते, पण पुढचं वादळ दहा दिवस थांबेल असं कुणी लिहून दिलेलं नव्हतं, आणि आता तर माणसं हसत हसत या इमारतीत शिरणार होती. सगळीच्या सगळी, पोराबाळांसकट. एकदा उभी राहिली म्हणजे कायमची उभी, असंच त्यांना वाटणार. सात तासांच्या धक्क्यांनी ते चुनखडीचे पूल किती तुटलेत हे वरून कुणालाच दिसणार नव्हतं. पाटीच्या कडेशी, पहिल्या खांबाजवळ, पहार टेकवली आणि घाव घातला. ठण्ण. दगड. दुसऱ्या खांबाशी दगड. तिसऱ्याशी, चौथ्याशी दगड.

पाचव्याशी पहार लोण्यात जावी तशी गेली. मी आणखी जोर लावला. ती पाटीच्या खाली तिरकी शिरत माझ्या मुठींपर्यंत आत गेली आणि बाजूनं पिवळं पाणी बुडबुडत वर आलं.

मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की हसूच आलं, एकटीला, त्या इमारतीखाली, जिच्यात माझा नवरा रात्रभर बसला होता. ते हसू माझ्या कानांनी ऐकलं आणि मी पहार सोडून तिथेच वाळूत गुडघ्यांवर बसून ओकले. पोटात काही उरेना तोवर ओकत राहिले.

मग खाडीच्या पाण्यानं तोंड धुतलं, वही काढली, आणि वरच्या बाजूला एक नवा रकाना आखून पाचव्या खांबाशी पहार किती आत गेली तो आकडा लिहिला.